सोडायचा सोबत्यानं

“...मग मी पोरीला शाळेत घालत नाही, यात माझं चुकलं कुठं, बुवा?”

बुवा अंबाडीचा दोर वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा श्रीरंग. वय अडतीस. पुण्यात पंधरा वर्षं कंपनीत काढून दोन सालांमागं वडझरीला परतलेला, शेतात घर बांधून राहिलेला. शेजारी त्याची मुलगी रेवा, नऊ वर्षांची. ती शाळेची पायरी कधी चढली नव्हती. बाप तिला घरीच शिकवत होता.

आणि ज्या शाळेत तो तिला घालत नव्हता, त्या शाळेत मी एकतीस वर्षं मास्तरकी केली. तेव्हा माझ्या सांगण्यात थोडा पक्षपात होणार, हे आधीच कबूल करतो.

वैशाखाची सकाळ होती. गावाबाहेर जुनी बारव आहे, चारही बाजूंनी दगडी पायऱ्या पाण्यात उतरत जाणारी विहीर. तिच्या काठावर गोसाव्यांचा मठ, आणि मठात एकटे धोंडगिरीबुवा. ऐंशी पार केलेले. त्यांनी कधी प्रवचन केलं नाही, कुणाला कानमंत्र दिला नाही. गावाला एकच विद्या दिली, ती पोहण्याची.

त्यांच्यामुळं वडझरीत पोहता न येणारा माणूस शोधून सापडायचा नाही. एक सापडेल, तो मी. मी दुष्काळी मुलखातला. आमच्या गावी प्यायला पाणी नव्हतं, पोहायला कुठलं असणार? निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी बारवेच्या पायरीवर बसतो आणि लोकांच्या पोरांना “पाय मार, पाय मार” म्हणून ओरडतो. मास्तरकी अशी सुटत नाही.

या बारवेची एक रीत आहे, ती सांगितली पाहिजे.

नवं पोर आलं की बुवा स्वतः त्याच्या पाठीला वाळका भोपळा बांधतात. सुरगाठीनं. म्हणजे एक टोक ओढलं की सुटणाऱ्या गाठीनं. आठ दिवस, पंधरा दिवस पोर भोपळ्याच्या जिवावर तरंगतं. मग एके दिवशी ऐन मधोमध गेल्यावर कुणीतरी ते टोक ओढतं. न सांगता. ओढणारे बुवा नसतात, पोराचा बापही नसतो. मागच्या साली शिकलेलं दुसरं एखादं पोर असतं.

बांधायचा बुवानं, सोडायचा सोबत्यानं. असं का, म्हणून मी एकदा विचारलं होतं. बुवा म्हणाले होते, मी सोडला तर पोर माझ्याकडं बघत राहतंय, आणि काठाकडं बघून कुणी पोहत नाही.

तर श्रीरंगाचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला होता...

घोळ असा होता. रेवानं घरात जाहीर केलं होतं की जूनमध्ये शाळा उघडली की ती जाणार. त्यांच्या शेताच्या बांधावरून वाडीवरची पोरं शाळेत जातात, ती तिला रोज दिसत. बापानं सगळी कारणं समजावून सांगितली. पोरीनं सगळी ऐकली, सगळी पटली म्हणाली, आणि शेवटी पुन्हा म्हणाली, “पण मी जाणार.” चार दिवस हेच चाललं. मग वैतागून श्रीरंगानं तिला शब्द दिला, बुवा म्हणतील ते करू. बुवांनी शाळा म्हटलं तर शाळा, घर म्हटलं तर घर.

शब्द देताना त्याला निकालाची खात्री होती. बुवा स्वतः एक दिवस शाळेत गेलेले नाहीत. वर कुणी शाळेचा विषय काढला तर माझ्याकडं बोट दाखवून म्हणतात, “शाळेत जाऊन काय होतंय ते हे बघा की.” असा न्यायाधीश मिळाल्यावर कोण हरणार होतं?

म्हणून तो त्या दिवशी जिंकायला आला होता. आणि मीही काही मुकाट बसणारा नव्हतो.

त्यानं आधी पुरावे मांडले. रेवा तीन भाषा वाचते. सीताफळाला कलम बांधते. आकाशातली नक्षत्रं दाखवते. शेततळ्यात किती पाणी मावेल ते तिनं स्वतः मोजून काढलं होतं आणि तळं खणणाऱ्याला त्याची चूक दाखवली होती. पोरगी खरंच हुशार होती, खोटं का बोलू. आमच्या शाळेतल्या चौथीच्या पोरांना तळं म्हटलं की फक्त डुंबायचं सुचतं.

मी म्हणालो, तुझ्या घरात पुस्तकांचं कपाट आहे, बाबा. शिकवायला तू आहेस, तुझी शिकलेली बायको आहे. शेजारच्या पिराजीच्या घरात यातलं काय आहे? तो गवंडीकामाला गावोगाव फिरतो. त्याच्या पोरीला शाळेशिवाय कोण आहे? तुझ्यासारख्यांनी पोरं काढून घेतली तर शाळेत उरणार कोण, आणि तिच्याकडं लक्ष देणार कोण?

“मी गावाचा मक्ता घेतलेला नाही, गुरुजी.”

“शाळेत नुसती अक्षरं शिकवत नाहीत, श्रीरंगा. शाळेत माणूस घडतो.”

हे वाक्य मी एकतीस वर्षं प्रत्येक पंधरा ऑगस्टला म्हणत आलोय. सवयीनं तोंडातून निघून गेलं.

श्रीरंगानं माझ्याकडं पाहिलं. शांतपणे.

“शाळेत काय घडतं, ते मला तुम्हीच शिकवलंय.”

“मी?”

“चौथीत. तुम्ही शिकवत होता, सूर्य पूर्वेला उगवतो. मी उठून म्हणालो, गुरुजी, तो रोज एका जागी उगवत नाही. उन्हाळ्यात खाणीवरच्या चिंचेमागून उगवतो आणि संक्रांतीच्या सुमाराला देवळाच्या कळसामागून. मी वर्षभर बघितलं होतं. घराच्या भिंतीवर कोळशानं खुणा केल्या होत्या...”

मग म्हणाला,

“तुम्ही माझ्या कानाखाली मारली.”

बारवेत पोरांचा दंगा चालला होता. तो एकदम मोठा वाटायला लागला.

खरं सांगतो, मला आठवलं नाही. त्या दिवशी तपासणीला साहेब आले होते, ते आठवलं. साहेबांसाठी केलेले पोहे आठवले. पोह्यांवर पिळायला लिंबू मिळालं नव्हतं, तेसुद्धा आठवलं. कानाखाली मारल्याचं मात्र काही केल्या आठवलं नाही, आणि याची मला फार लाज वाटली.

लाज वाटली की माणूस भांडतो. मीही भांडलो. म्हणालो, चार वर्ग आणि एक मास्तर, वरून गळणारं छप्पर, समोर खुर्चीत साहेब, अशा वेळी तू असतास तर काय केलं असतंस?

“मला माहीत आहे सगळं. म्हणून तर तुमच्यावर राग नाही,” श्रीरंग म्हणाला. “पण त्यानंतर मी वर्गात कधी उठून उभा राहिलो नाही. कॉलेजातही नाही. मी ठरवलंय, माझ्या पोरीच्या प्रश्नाला कुणी हात लावायचा नाही.”

मी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत बसलो.

बुवांचा हात दोरावर थांबला.

“तुझा भोपळा कुनी सोडला रं, रंग्या?”

श्रीरंग गोंधळला. “...पिराजीनं.”

“ह्यो गवंडी?”

“हो. माझ्याच वर्गात होता. माझ्या शेजारी बसायचा.”

“हुशार व्हता?”

“कुठला हुशार, बुवा. दोन वर्षं तिसरीतच होता. माझी पाटी बघून लिहायचा, आणि तेही चुकायचा.”

तो हसला. बहुतेक पिराजीची ती पाटी डोळ्यांसमोर आली असावी.

“कानाखाली बसली ती ध्यानात ऱ्हायली,” बुवा म्हणाले.

“राहिली.”

“बरं.”

आणि पुन्हा दोर वळायला लागले.

मला वाटलं, आता पुढं काहीतरी येईल. श्रीरंगालाही वाटलं असणार. काही आलं नाही. बुवांचं हे असंच आहे, अर्धी भाकरी देतात आणि ताट उचलून नेतात.

श्रीरंग चिडला. सोबती काय फक्त शाळेतच मिळतात का, असं त्यानं विचारलं. बाजारात मिळतात, शेतात मिळतात, बारवेत मिळतात. पिराजी शाळेत नसता तरी त्यानं भोपळा सोडलाच असता.

“मग पोरीला आनलीस का बारवेत कधी?”

आणली नव्हती. बारवेत पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारतात, पाय धरून खाली ओढतात, तोंडातलं पाणी तिथंच थुंकतात. हे सगळं श्रीरंगानं आम्हाला मोजून सांगितलं, आणि यातलं काही खोटं नव्हतं. त्यानं रेवाला स्वतःच्या शेततळ्यात पोहायला शिकवलं होतं. काळा कागद अंथरलेलं तळं, स्वच्छ पाणी, आणि पोहणारी ती एकटी.

“भोपळा कुनी सोडला तिचा?”

“भोपळा बांधलाच नाही, बुवा. कमरेला दोर बांधतो. टोक माझ्या हातात असतं.”

“अजून?”

“ढिला धरतो. तिला जाणवतही नाही.”

“मला जाणवतो,” रेवा म्हणाली.

ती इतका वेळ गप्प होती. बापाकडं न बघता, पाण्याकडं बघत म्हणाली. श्रीरंगानं ते ऐकलं, पण ऐकल्यासारखं दाखवलं नाही. बापांना ही कला येते. मास्तरांनाही येते.

तो उठलाच. म्हणाला, एवढं बोलण्यापेक्षा तिला उतरू दे, तुम्हीच बघा घरी शिकलेलं पोर कसं असतं ते. पिशवीतून त्यानं निळा नायलॉनचा दोर काढला. फक्त एक अट घातली. बाकीच्या पोरांनी आधी बाहेर यायचं.

मला वाटलं बुवा नाही म्हणतील. बुवांनी तोंडात दोन बोटं घालून शिट्टी वाजवली आणि अकरा पोरं पाण्याबाहेर येऊन पायऱ्यांवर बसली, ऐन भुकेच्या वेळी वाढणारा पंगतीतून उठून गेल्यासारखी तोंडं करून. त्यात पिराजीची गोदा होती. दहा वर्षांची, दातात फट असलेली, तिच्यापुढं कुणाचं चालत नाही अशी.

श्रीरंग पोरीच्या कमरेला दोर बांधायला लागला. बुवा वाकून बघत होते.

“गाठ कुनाची ही?”

“तुमचीच की. मला दुसरी येते कुठं?”

“हं,” बुवा म्हणाले.

रेवानं सूर मारला.

काय सांगू! त्या बारवेत तसं पोहणं मी कधी बघितलं नव्हतं. आमची पोरं पोहतात म्हणजे म्हशी पाण्यात पडतात. ही पोरगी निघाली ती पाण्याचा आवाज होऊ न देता. एक हात, दुसरा हात, मान वळवून श्वास. समोरच्या पायरीला हात लावून ती परत फिरली. वरच्या देवळीतली कबुतरंसुद्धा उडाली नाहीत. निळा दोर मागं मागं येत होता, खरोखरच ढिला.

श्रीरंगाचं तोंड उजळलं होतं. इतक्या वर्षांत मी त्याला असा ताठ मानेनं उभा राहिलेला पाहिला नव्हता.

“बघितलंत?”

“बघितलं,” बुवा म्हणाले. “लई सुरेख.”

मग पोरांकडं वळून म्हणाले, “तुमी काय बघत बसलाय? उतरा.”

अकरा पोरांनी एकदम उड्या टाकल्या.

पुढचं सगळं दोन मिनिटांत झालं असेल. बारवेचं पाणी ढवळून निघालं. रेवाच्या नाकातोंडात पाणी गेलं, ती गांगरली आणि भलत्याच बाजूला वळली. श्रीरंगानं दोर खेचला. पण दोर आता सरळ नव्हता. मध्ये गोदा आली होती, आणि दोराचा वेढा तिच्या पायाला बसला होता. श्रीरंग खेचेल तसा वेढा आवळत होता. गोदा खाली गेली. तिच्या ओढीनं रेवाही खाली गेली.

“दोर सोड,” बुवा म्हणाले.

“बुडेल ती, बुवा!”

“दोर सोड, रंग्या.”

त्यानं सोडला नाही. दोन्ही हातांनी धरून मागं रेटत राहिला. मी त्याला नावं ठेवत नाही, बापाचा हात होता तो.

आणि मी काय करत होतो? मी पायरीवर उभा राहून ओरडत होतो, “बाजूला व्हा! एकेकानं या! रांगेत या!” एकतीस वर्षांत मला पोरांना रांगेत उभं करायला तेवढं आलं. पाण्यात रांग होत नाही, हे त्या दिवशी कळलं.

गोदानं काय केलं ते तिनं नंतर सांगितलं. पाय ओढला तर आवळतोय म्हटल्यावर तिनं पाय ओढायचं सोडून दिलं. दोर धरून धरून रेवापर्यंत गेली, तिची कमर चाचपली. गाठ हाताला लागली. गाठ ओळखीची होती, गेल्या दोन उन्हाळ्यांत तिनं अशा किती गाठी डोळे मिटून सोडल्या होत्या. तिनं टोक ओढलं.

श्रीरंग धाडकन मागच्या पायरीवर बसला. हातात दोर होता. दोराला कुणी नव्हतं.

गोदा वर आली.

रेवा आली नाही...

श्रीरंग उठला, झेप घ्यायला पुढं झाला. बुवांनी काठी आडवी धरली, त्याच्या छातीवर.

“थांब.”

“बुवा, माझी पोर...”

“थांब.”

त्या काठीला किती जोर असणार, ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याची काठी ती. पण श्रीरंग थांबला. त्याचे ओठ हलत होते. मी आजवर न मानलेल्या देवांचीसुद्धा नावं घेत होतो.

पाण्यातून हात आला. मग केस. मग ठसका.

रेवा पलीकडं, भलत्याच कोपऱ्यात वर आली होती. नाक वाहत होतं, डोळे लाल झाले होते, एक हात इकडं आणि पाय तिकडं मारत होती. मघाचं सुरेख पोहणं कुठल्या कुठं गेलं होतं. पण ती तरंगत होती. तशीच धडपडत गोदापर्यंत गेली आणि तिच्या पाठीत धपाटा घातला.

“मला विचारलं का नाहीस?”

“इचारून कुनी सोडतं व्हय?” गोदा म्हणाली, आणि तिनं रेवाच्या तोंडावर ओंजळभर पाणी मारलं.

रेवानं मारलं. गोदानं पुन्हा मारलं. मग दोघींनी एकाच दगडाला धरलं आणि खोकत खोकत हसायला लागल्या. श्रीरंग त्यांच्याकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि राग पण होता.

“बाबा,” रेवानं तिथूनच हाक मारली. “मी शाळेत जाणार.”

घरी म्हणत होती त्याच आवाजात म्हणाली. मग म्हणाली, “आणि मी सूर्याचं विचारणार.”

श्रीरंगानं वरूनच विचारलं.

“...आणि मारलं तर?”

रेवानं विचार केला. खरोखर विचार केला, उगाच उत्तर दिलं नाही.

“तर परत विचारीन.”

“मी बी इचारीन,” गोदा म्हणाली. काय विचारायचं होतं, ते तिला माहीत नव्हतं.

पण श्रीरंग बधला नाही. तो बुवांकडं वळला. म्हणाला, हा खेळ झाला, उत्तर नाही झालं. पोरगी नऊ वर्षांची आहे, तिला आज शाळा हवी, उद्या सर्कस हवी असेल. मी तुमचा शब्द मानीन असं तिला सांगून आलोय, तेव्हा स्पष्ट सांगा. “शाळा की घर?”

मीही पुढं सरकलो. खरं तर मला त्याच्यापेक्षा जास्त घाई झाली होती. बुवांनी नुसतं ‘शाळा’ म्हटलं असतं, तर माझी एकतीस वर्षं पदरात पडली असती.

बुवांनी आधी त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

“तू सोडतच न्हाईस,” ते त्याला म्हणाले.

मला बरं वाटलं.

“आन् हे गुरुजी, घंटा झाली की समद्यांचे एकदम सोडत्यात. पोर पान्यात हाय का अजून पायरीवर उभं हाय, ते बघत न्हाईत.”

माझं बरं वाटणं तिथंच संपलं.

“मग?” श्रीरंग म्हणाला. मीही तेच म्हणालो. आम्ही दोघं त्या दिवशी पहिल्यांदा एकच शब्द बोललो.

बुवा उठले. भिंतीशी वाळलेल्या भोपळ्यांची रास होती. त्यातला सगळ्यांत मोठा भोपळा त्यांनी उचलला, बोटानं वाजवून बघितला, आणि माझ्या मागं येऊन उभे राहिले.

“गुरुजी, सदरा काढा.”

मी म्हणालो, बुवा, मी एकोणसत्तर वर्षांचा आहे. म्हणालो, मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. म्हणालो, लोक काय म्हणतील.

“काढा.”

बारवेतली अकरा पोरं, आणि आता बारावी रेवा, आनंदानं किंचाळली. ज्यांना मी रोज पाय मार म्हणून ओरडत होतो, ती सगळी एका सुरात ओरडायला लागली, “पाय मार! पाय मार!” मी सदरा काढला. न काढून सांगतो कुणाला.

बुवांनी भोपळा पाठीला लावला, नव्या वळलेल्या अंबाडीच्या दोरानं छातीभोवती वेढा दिला, गाठ मारली. सुरगाठ. तिचं टोक माझ्या बरगडीला टोचत होतं.

“बुवा,” मी हळूच विचारलं, “याचा... सोडणारा कोण?”

बुवांनी काठी उचलली आणि श्रीरंगाकडं रोखली.

श्रीरंगाच्या हातात अजून तो निळा दोर होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. माझ्या पाठीवरल्या भोपळ्याकडं बघितलं. खाली चार पुरुष खोल पाणी होतं.

तेव्हा मला आठवलं. डोक्याला नाही, तळहाताला आठवलं. लहान गाल होता. थंडीचे दिवस होते, म्हणून माझ्याच हाताला झिणझिण्या आल्या होत्या. आणि खिडकीतून देवळाचा कळस दिसत होता.

“रंगा,” मी म्हणालो. “तू खरं सांगत होतास. माझं चुकलं.”

“ते मला माहीत आहे, गुरुजी.”

जाऊ द्या, असं काही तो म्हणाला नाही. त्यानं म्हणायला हवं होतं, असं मलाही वाटलं नाही.

त्यानं निळा दोर पायरीवर ठेवला. सदरा काढला, घडी केली, दोरावर ठेवला. दोन पायऱ्या पाण्यात उतरला आणि माझ्यासाठी हात पुढं केला. पण मान वळवून त्यानं पुन्हा विचारलंच. हट्टी माणूस, वर्गात तेव्हाही असाच असणार.

“आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर, बुवा?”

बुवा पुन्हा दोर वळायला बसले होते.

“आधी दोघं मधोमध जावा,” ते म्हणाले. “आन् सोडताना गुरुजींना इचारू नकोस.”